दोन नावं

लग्न होऊन आलेल्या सुन्नाला रेनडिअरच्या गाडीवर सरपण रचताना दलदलीतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. मोळी टाकून ती पळणार, तोच सासूने, रिस्तीनने, तिचा दंड धरला.

"पळतेस काय, भित्री कुठली! कुण्या बयेने जन्मताच टाकून दिलेलं पोर आहे ते. बाप्तिस्म्यावाचून मेलं, म्हणून रडतं. नाव मिळालं की गप्प होतं. तुमच्याकडे देत नाहीत?"

"देतात की, सासूबाई."

मुलगा की मुलगी, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून माहेरच्या रिवाजाप्रमाणे सुन्ना दोन्ही नावं घेऊ लागली. "मुलगा असशील तर तू नील्लास, मुलगी असशील तर..."

"मुलाचं नको," तिचा दंड सोडत रिस्तीन म्हणाली. "नुसतं मुलीचं घे."