जावेचा मुलगा

अतिदक्षता विभागाचं दार उघडलं तशी हर्षला धावली. मोतीबाई बाकावरच बसून राहिली. धाकटी जाऊ डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे ज्या आशेनं बघत होती, ते तिला बघवेना.

"हृदयाच्या स्नायूला जबरदस्त सूज होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तापानंतर येते कधी कधी. कार्डिओग्राम आणि हृदयाची सोनोग्राफी बघूनच शंका आली, म्हणून लगेच सलाईनमधून स्टेरॉईड सुरू केलं. आता हृदय सावरतंय. ओमकार धोक्याबाहेर आहे."

हर्षलाला हुंदका फुटला.

"पण इतक्या लवकर आणलंत कसं? लोक अशक्तपणा समजून घरीच ठेवतात."

"मी पन तेच म्हनत होते," हर्षलानं मोतीबाईकडे हात केला. " आमच्या ताईंनी वरडून टेंपो मागवला."

परवा दुपारी गावी, कडावला, ओमकार घराच्या ओट्यावर धापा टाकत बसला होता. मोतीबाईनं त्याचा हात हातात घेतला. तोच गार घाम. गेल्या वर्षी तिच्या मुलाचा, हरेशचा हात असाच लागला होता. ताप उतरला होता, छातीत दुखतंय म्हणत होता. पित्त असेल म्हणून तिनं त्याला कोकमाचं सरबत करून दिलं. पहाटे तो गेला.

"ताई, तुमी होतात म्हनून माझं पोर..." हर्षला तिच्या पायांशी वाकली.

मोतीबाईनं पाय आखडून घेतले. हिचा वाचला. आता ही त्याला पेज भरवेल, नीट जेवत नाही म्हणून त्याच्यावर खेकसेल. ओमकारचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. पण तो वाचल्याचा आनंदही काही केल्या होईना.

ती उठली आणि आत निघालेल्या डॉक्टरीणबाईंना तिनं दारातच गाठलं.

"बाई, ह्ये औषध नवीन निघालंय ना? यंदाच?"

"नाही हो, जुनंच आहे. कितीतरी वर्षं झाली."

म्हणजे गेल्या वर्षीही होतंच, मोतीबाईच्या मनात आलं.

हर्षला डोळे पुसत मागून आली. "ताई, एकालाच आत सोडतायत. तुमीच जा आधी."

"तुझा हाय," मोतीबाई म्हणाली. "तूच जा."