तक्रार मिटेपर्यंत

"नमस्कार, आपली काय सेवा करू?"

हे फोनमधूनही ऐकू आलं आणि आतल्या खोलीच्या बंद दाराआडूनही. मास्तरांनी जीभ चावली. नेटवाल्या कंपनीत तक्रारी घ्यायला दोनच बायका होत्या. एक आज रजेवर होती. दुसरी मास्तरांची बायको होती, घरूनच काम करायची, आणि नऊ दिवस मास्तरांशी बोलत नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी मेव्हण्यादेखत मास्तर म्हणाले होते, "हिला 'बंद करून चालू करा' एवढंच म्हणायचा पगार मिळतो." तेव्हापासून टेबलावर ताट आदळलं जायचं, तेवढाच काय तो संवाद. उद्या सकाळी ती भावाकडे निघणार होती. बॅग भरून झाली होती. परत कधी, हे विचारायची मास्तरांची छाती होत नव्हती.

फोन ठेवावा, तर अर्ध्या तासात गणिताचा ऑनलाइन वर्ग. काल वर्गात मास्तरांचा चेहरा तोंड वासलेल्या अवस्थेत गोठला होता आणि पोरांनी त्याचा फोटो काढून गावभर वाटला होता.

"नेट फार हळू आहे," मास्तर गुरगुरले.

"बंद करून चालू करा, सर."

"केलं!"

"नीट केलंत ना? काही लोकांना ते फार सोपं वाटतं."

मास्तरांनी शिवी गिळली. संभाषण रेकॉर्ड होत होतं.

"राउटर कुठे ठेवलाय, सर?"

"बायकोने लोखंडी कपाटात कोंडलाय. तिचा कॉम्प्युटर वायरवर चालतो. तिला काय!"

"कोंडायची वेळ का आली? राउटर काही उलट बोलला का?"

"राउटर नाही बोलला."

"मग फॉर्ममध्ये काय लिहू? चूक कंपनीची की ग्राहकाची?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. दाराने काहीच मदत केली नाही.

"ग्राहकाची," ते दातओठ खात म्हणाले.

"मोठ्याने, सर. आवाज तुटतोय."

"ग्राहकाची! ग्राहकाला अक्कल नाही! लिहा!"

"अकलेला रकाना नाही, सर. शेऱ्यात टाकते."

आत कपाटाचं दार करकरलं. मास्तरांच्या स्क्रीनवर सकाळपासून नुसतं गोल गोल फिरत असलेलं पान धाडकन उघडलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. एवढं सुसाट नेट मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आता कसं आहे? तक्रार मिटवू?" तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता.

मिटवली की फोन संपणार. फोन संपला की बोलणंही संपणार.

"नका मिटवू," मास्तर म्हणाले. "तसंच आहे. उलट जास्तच बिघडलंय."

आत कीबोर्ड खडखडला. इकडचा स्पीड तिला तिच्या स्क्रीनवर आकड्यांत दिसत होता, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

"मग अवघड आहे, सर," ती शेवटी म्हणाली. "कनेक्शन तुमच्या मिसेसच्या नावावर आहे. नियमाप्रमाणे तक्रार मिटेपर्यंत त्यांना घर सोडता येत नाही."

कंपनीचं करारपत्र मास्तरांनी, भांडायला उपयोगी पडेल म्हणून, तीनदा वाचलं होतं. असा नियम त्यात कुठेही नव्हता.