चंद्रीची तपासणी

टांगा शर्यतींवर सरकारी देखरेख हवी, असा अर्ज आप्पासाहेब मगदुमांनीच केला होता. पळत नाही म्हणून त्यांनी विकलेली चंद्री घोडी बाबालाल मुजावराकडे जाऊन लागोपाठ तीन शर्यती जिंकली, तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. बाबालाल तिला इंजेक्शन देतो, याची त्यांना खात्रीच होती.

आज सरकारी डॉक्टर अहवाल घेऊन मैदानावर आले. चंद्रीच्या रक्तात काहीच सापडलं नव्हतं.

"मग देतोस तरी काय तिला?" आप्पासाहेब बाबालालवर उखडले.

"काही नाही, आप्पा. फक्त चाबूक बंद केला."

"माझीच होती ती," असं पुटपुटत आप्पासाहेबांनी तिला थोपटायला हात उचलला. चंद्री दचकली, कान पाडून बाबालालच्या मागे सरकली. त्यानं नुसतं चुचकारलं, तशी तिनं त्याच्या खांद्यावर मान टाकली. आप्पासाहेबांकडे चार वर्षं असताना तिनं असं एकदाही केलं नव्हतं.

निघालेल्या डॉक्टरांना त्यांनी थांबवलं. "साहेब, नियमांत चाबूकबंदीही घाला."

"तुमचे घोडे पळतील चाबकाशिवाय?"

"नाही पळणार," आप्पासाहेब म्हणाले. "तरी घाला."