सात खणांची डबी

महिनाभर तिचं हेच चाललं होतं. सकाळच्या गोळ्या पोटात गेल्या, की थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि काळीज धडधडायला लागायचं. डोळे तपासून झाले, हृदयाची पट्टी काढून झाली, पण कारण काही सापडेना.

गोळ्यांचं खातं नवऱ्याकडे होतं. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस! दर रविवारी तो सात खणांची डबी चष्म्याशिवाय भरायचा आणि वर ऐकवायचा, "गोळी माझ्या बोटांना कळते." हल्ली तो पेल्याबाहेर पाणी ओतून पेल्यालाच नावं ठेवायचा, तेही ती हसण्यावारी न्यायची. आज सकाळी मात्र तिने डबीचा खण निरखून पाहिला. ब्लडप्रेशरची एक गोळी हवी, तिथे तीन होत्या.  नवऱ्याला न सांगता तिने डबी तशीच पिशवीत घातली आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात आली.

डॉक्टरांनी डबी उघडून पाहिली. "काकू, तुमचं प्रेशर पार खाली का जातंय ते कळलं. अहो, हे जिवावर बेतलं असतं! ही डबी भरतं कोण?"

शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तोंड उघडलं, तोच तिने त्याचा हात दाबला.

"मीच भरते," ती म्हणाली. "झाली असेल काहीतरी गल्लत."

नवऱ्याने मान खाली घातली.

डॉक्टरांनी डबी त्याच्या हातात ठेवली. "काका, घरात तुमच्यासारखा मुरलेला माणूस असताना हे असं? उद्यापासून काकूंना डबीला हातसुद्धा लावू देऊ नका. तुम्हीच भरत जा."