संशय कॉफीवर

चंद्रावतीने कॉफीची बाटली मोरीत उपडी केली. पावडर ओल्या फरशीवर पडली, काळी झाली आणि वाहून गेली.

"भावोजींनी व्हिडिओ पाठवलाय. कॉफीनं कॅन्सर होतो," ती म्हणाली. "ह्यांना कंपनीतच लागली ना ती सवय."

पुंडलिक खाटेवर बसून होता. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आहे, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात बाकीचेच बोलत होते. तो शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसा ऐकायचा.

"आई, कॉफीनं नाय झालं," किमया म्हणाली. ती पेणला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती.

"तुला काय माहीत गो?"

"आमच्या मॅडमना विचारलं. आधी डॉक्टर लोकांनाही तोच संशय होता. कॉफी पिणाऱ्यांत हा आजार जास्त दिसायचा. पण त्यातले बरेच जण सिगरेटपण ओढायचे. ओढणारे बाजूला काढले, उरलेल्यांकडं पाहिलं, तर कॉफीवर काय ठपका येईना."

"हे तर बिडीला शिवले नाय कधी."

"नाय ना."

"मग कशानं?"

किमयाने एकदा दाराकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी काय विचारलं, आठवतं? कामाला कुठं होता म्हणून. रंगाच्या कारखान्यात म्हटल्यावर त्यांनी परत विचारलं, पावडर हातानं घालायचात का." तिने आवाज खाली आणला. "काही रंगांच्या पावडरीनं हा आजार होतो. ते पक्कं झालेलं हाय. बाबांना त्यानंच झाला, असं कोणी छातीठोक सांगणार नाय. पण कॉफीपेक्षा..."

ती थांबली. दारात तिचा भाऊ प्रणित बुटाची नाडी बांधत होता. वडील निवृत्त झाले आणि तो त्याच कारखान्यात लागला, त्याच खात्यात.

पुलाच्या टोकाला कंपनीची बस येऊन उभी राहिली. हॉर्न वाजला. चंद्रावती मोरीत पाणी ओतत राहिली. फरशी केव्हाच स्वच्छ झाली होती.

"जाऊ?" प्रणितने विचारलं.

जा, असं कोणी म्हणालं नाही. नको, असंही कोणी म्हणालं नाही. हॉर्न पुन्हा वाजला. त्याने डबा उचलला.

"प्रणित."

पुंडलिकचा आवाज बसला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हातमोजा फाटला की दुसरा माग."

"व्हय."

"सायब ओरडला तरी माग."

"व्हय, बाबा."

प्रणित पायऱ्या उतरला. बस सुटल्याचा आवाज आला, मग तोही गेला. किमया भिंतीला टेकून उभी होती. पुंडलिक रिकाम्या दाराकडे बघत होता.

"आमाला मागायची लाज वाटायची," तो म्हणाला.