वालाची भावकी

बिरड्यासाठी भिजवलेलेच वाल समजून येसूबाईने फडक्यातले मोड सोलून शिजवले. "आये, ते माझे रानवाल होते," रखमा पुटपुटली. पुण्यात शिकणाऱ्या लेकीला अभ्यासासाठी मोडांची कोवळी टोकंच हवी होती. येसूबाईने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती डोंगर चढली, ओटीत रानवालाच्या शेंगा घेऊन उतरली, बी स्वतः भिजवलं आणि मोड येईपर्यंत फडक्याला कुणाला हात लावू दिला नाही. मोड घेऊन दोघी जवळच्या महाडच्या शाळेत गेल्या; तिथल्या सूक्ष्मदर्शकातून रखमाने तिला आधी घरचा वाल दाखवला, मग रानवाल. रंग दिलेल्या दोन्ही टोकांत सारख्याच लाल काड्या. "ही गुणसूत्रं, आये. यांवरून नातं कळतं." "म्हंजे एकाच भावकीतले हायत गो." रखमा हसली. "तेच दाखवायचंय." परतताना एसटीत शेजारणीने विचारलं, "लेक पुण्यात काय करते गो?" येसूबाई ताठ बसली. "वालाची भावकी शोधते. अन् तिला मोड मी काढून दिलेत."