एकच बरणी

नर्सची मोटार घोडागाडीशेजारी थांबली, तशी सलोमीने गोळ्यांनी भरलेली मुरंब्याची बरणी टेबलावर आणली. तिच्या दोन्ही मुलांच्या, एझ्राच्या आणि लोविनाच्या, रक्तातल्या पेशी जन्मापासून आतल्या आत फुटायच्या. डोळे हळदीसारखे पिवळे. नव्या औषधाच्या चाचणीत दोघांचीही नावं होती. "दोघांच्या बाटल्या कुठायत?" नर्सने विचारलं. "गोळ्या सारख्याच, मग दोन बाटल्या कशाला? परवाच एकत्र ओतल्या. आम्हा आमिश पंथाच्या लोकांत भावंडांचं वेगवेगळं काही नसतं, बाई!" नर्सने बरणी स्वतःकडे ओढली. "अहो, एकीत औषध असेल, दुसरीत तुलनेसाठी नुसत्या पिठाच्या गोळ्या! कुणाला काय मिळालं हे आम्हालाही ठाऊक नसतं. आणि औषध मध्येच थांबलं तर रक्त भराभर फुटतं, बजावलं नव्हतं का?" सलोमीने पोरांना खिडकीशी ओढून पापण्या ताणल्या. कुणाचे डोळे जास्त पिवळे? एझ्राने निसटून बरणीत हात घातला. "आई, आज ही घेऊ?"